मणक्याच्या ऑपरेशननंतर: गोळी घ्यायची की सोसायचं?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय 51, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, ब्लडप्रेशरची गोळी चालू. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकल्यामुळे दोन वर्षं डाव्या पायात कळ जायची. बाजारातून घरी येईपर्यंत दोन-तीनदा बसावं लागायचं. सात आठवड्यांपूर्वी स्क्रू आणि सळ्या घालून ते दोन मणके जोडण्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, रात्री प्रीगाबालिन, शिवाय कॅल्शियम आणि पित्ताची गोळी दिली होती. ट्रामाडॉल आणायला गेल्यावर मेडिकलवाला म्हणाला, "ही नशेच्या गोळ्यांत मोडते, नव्या चिठ्ठीशिवाय देणार नाही." त्यात त्यांचे दीर डायलिसिसवर आहेत आणि पेनकिलर खाऊनच त्यांच्या किडन्या गेल्या असं घरात सगळे म्हणतात. घाबरून त्यांनी पाचव्या आठवड्यात ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन दोन्ही एकदम बंद केल्या. मग दोन-तीन रात्री घाम, तळमळ, डोळ्याला डोळा नाही. "म्हणजे मला व्यसनच लागलं होतं ना?" असं त्या विचारतात. आता दुखणं असह्य झाल्यावर मेडिकलमधून "साधी" गोळी आणून (पाकिटावर एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल लिहिलं आहे) दिवसाला दोन घेतात, घरात कुणाला न सांगता. सासूबाई म्हणतात, "आम्ही बाळंतपणं सोसली, तुला एवढं सोसवत नाही?" पायातली जुनी कळ गेली आहे, पण कंबर इतकी दुखते की स्क्रू हलला की काय, ऑपरेशन फसलं की काय, असं वाटतं. शेवटी लिहितात: "दातांना मिश्री लावते, बाकी कसलं व्यसन नाही. सोसू की गोळ्या घेऊ?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: पायातली जुनी कळ गेली. हे ऑपरेशन मुळात त्या कळीसाठीच होतं. दबलेली नस मोकळी करायची आणि मणका पुन्हा सरकू नये म्हणून त्याला शेजारच्या मणक्याशी कायमचा जोडून टाकायचा, अशी दोन कामं त्यात असतात. पहिलं काम झाल्याचं तुम्हाला स्वतःलाच जाणवतंय. दुसरं अजून चालू आहे. स्क्रू आणि सळ्या मणके फक्त धरून ठेवतात. ते खरे जुळतात मधे भरलेल्या हाडाच्या तुकड्यांभोवती नवं हाड तयार झाल्यावर, आणि त्याला तीन ते सहा महिने, कित्येकांना वर्षभरही लागतं. ऑपरेशन करताना पाठीचे मोठे स्नायू बाजूला सारलेले असतात. ते सातव्या आठवड्यात सकाळी आखडणार, संध्याकाळी भरून येणार, आदल्या दिवशी जरा जास्त बसलं की दुसऱ्या दिवशी दाखवून देणार. हे दुखणं खरं आहे आणि ते सहन होत नाही असं तुम्ही म्हणता, ते मी मानते. पण त्यावरून ऑपरेशन फसलं असं समजायला आज आधार नाही. सुधारणा कालच्या आणि आजच्या दुखण्यात शोधू नका. दोन आठवड्यांपूर्वी किती चालत होतात आणि आज किती, ते बघा.

आता गोळ्यांकडे येते, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. ज्या गोळ्यांना घाबरून तुम्ही त्या बंद केल्या, त्यांचा किडनी बिघडवण्याशी सहसा संबंध नसतो. आणि जी "साधी" म्हणून घेताय, तिचाच असतो.

ट्रामाडॉल मेंदूपर्यंत पोचणारी वेदना कमी करते, प्रीगाबालिन नसांचं दुखणं शमवते. किडनी आधीच कमजोर असेल तर ही औषधं शरीरात साठतात, म्हणून डोस कमी करावा लागतो. पण चांगली किडनी त्या खराब करत नाहीत. एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन हा गट वेगळा. ही सूज उतरवणारी औषधं आहेत आणि किडनीचा रक्तपुरवठा सुरळीत ठेवणारी यंत्रणाच ती दाबतात. तरुण, निरोगी माणसानं दोन-चार दिवस घेतली तर बहुधा काही होत नाही. पण तुम्हाला ब्लडप्रेशर आहे. तुमच्या बीपीच्या पाकिटावर "टेल्मिसार्टन" किंवा शेवटी "प्रिल" असलेलं नाव आहे का बघा, आणि सोबत "हायड्रोक्लोरोथायझाइड" किंवा "क्लोरथॅलिडोन" असं लघवी वाढवणारं औषध आहे का तेही बघा. ही दोन आणि तिसरी ही पेनकिलर असं त्रिकूट किडनीसाठी धोक्याचं म्हणून डॉक्टर ओळखतात, त्यातही उलट्या-जुलाब झाले किंवा पाणी कमी प्यायलं गेलं तर जास्तच. शिवाय या गटानं बीपी वाढू शकतं आणि पोटात जखम होऊ शकते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला मेडिकलच्या काउंटरवर कुणी सांगणार नाही. नवं हाड धरताना सुरुवातीची सूज ही गरजेची पायरी असते आणि ही औषधं तीच दाबतात. जास्त डोसमध्ये, जास्त दिवस घेतल्यास मणके जुळायला अडथळा येऊ शकतो म्हणून बरेच सर्जन पहिले काही महिने ती टाळायला सांगतात. काही सर्जन थोडे दिवस स्वतः देतातही, पण ते तुमचा बीपी, किडनी, पोट बघून ठरवतात. म्हणून ही गोळी आजपासून थांबवा. ती एकदम थांबवल्यानं काही अपाय होत नाही. आतापर्यंत घेतल्या तेवढ्यानं किडनी गेली असेल अशी भीती बाळगू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का, ते यावरून कळतं) आणि एक लघवीची तपासणी करून घ्या, तालुक्याच्या लॅबमध्येही होतात, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही.

दिरांना मधुमेह आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं मधुमेह आणि वाढलेलं बीपी हीच आहेत. वर्षानुवर्षं कुणालाही न विचारता घेतलेल्या पेनकिलरनं त्यात भर पडते. तसंच सांधेदुखीवरच्या, नाव-पत्ता नसलेल्या "देशी" पुड्यांनीही पडते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेली सापडली आहेत. दिरांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील. पण त्यांच्या आजारावरून तुमच्या प्रत्येक गोळीचा निकाल लावता येणार नाही.

मेडिकलवाल्याचं ते वाक्य तुमच्या मनाला फार लागलंय, हे पत्रात दिसतं. ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्यामुळे केंद्र सरकारनं 2018 मध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. त्यामुळे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण कायदा औषधावर नजर ठेवतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ऑपरेशननंतर ती घेणाऱ्या बाईला तो गुन्हेगार किंवा व्यसनी ठरवत नाही. (आणि एसिक्लोफिनॅकच्या पाकिटावरची उभी लाल रेघ बघा. तीसुद्धा चिठ्ठीवरच द्यायची असते.)

मग तो घाम आणि ती तळमळ? ट्रामाडॉल किंवा प्रीगाबालिन काही आठवडे रोज घेतली की शरीर त्यांच्याशी जुळवून घेतं. अचानक काढून घेतली की घाम, बेचैनी, निद्रानाश, जुलाब, अंग कसंसंच होणं हे दोन-चार दिवस, कधी आठवडाभर होतं. तुम्ही तर दोन्ही एकाच दिवशी थांबवल्या. असं काही महिने घेतलेल्या स्टेरॉइडचं होतं, बीपीच्या काही औषधांचंही होतं, आणि त्यांना कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसनात माणूस दुखत नसतानाही गोळीच्या मागे धावतो, डोस वाढवत नेतो, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या गोळा करतो, संसार बिघडत असला तरी थांबत नाही. तुम्ही तर थांबायचीच घाई केलीत. मात्र ट्रामाडॉल निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही. पूर्वी दारूचं किंवा कुठल्या गोळीचं व्यसन होतं, फिट्स येतात, नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत, अशा वाचकांनी हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगायलाच हवं. काही नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ट्रामाडॉलनं फिट येऊ शकते. ट्रामाडॉल, प्रीगाबालिन, झोपेची गोळी आणि दारू एकावर एक पडली तर श्वास मंदावतो, आणि त्यानं जीवही जातो. घरात म्हातारं माणूस या गोळ्या घेत असेल आणि हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर "झोपलंय, झोपू दे" म्हणू नका, दवाखान्यात न्या.

सासूबाईंना मी दोष देणार नाही. त्यांच्या पिढीतल्या बायकांना सोसण्याशिवाय दुसरं काही मिळालंच नाही आणि निभावून नेल्याचा त्यांना अभिमान आहे, तो असावाच. पण बाळंतपणाच्या कळा बाळ झालं की संपतात. तुमचं दुखणं आठवडे चालणार आहे, आणि या आठवड्यांत तुम्हाला चालायचंय. दुखतंय म्हणून पडून राहिलात तर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि मग थोड्या हालचालीनंही जास्त दुखतं. म्हणून "सोसू की गोळी घेऊ" हा प्रश्नच मला पटत नाही. मी तुम्हाला उलट विचारते: गोळी घेतल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं? सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, रात्री सलग चार-पाच तास झोप, आपलं आपण आंघोळीला जाणं. एवढं जमत असेल तर थोडं दुखणं शिल्लक असलं तरी गोळी पुरेशी आहे आणि ती कमी करत न्यायची वेळ जवळ आली आहे. हे जमत नसेल तर उपचार अपुरा आहे. दुखणं शून्यावर आणणं हे ध्येय ठेवलं तर गोळ्या वाढत जातात.

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली, काहीच न घेता दिवस ढकलणं. आत्ताच्या दुखण्यात मला ती पटत नाही. दुसरी, जुन्या पाकिटात उरलेली ट्रामाडॉल पुन्हा सुरू करणं. ही तर नकोच. खंड पडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचाच डोस आता जास्त गुंगी आणू शकतो. शिवाय तुम्हाला ती आता लागेलच असं नाही, सातव्या आठवड्यात पुष्कळ पेशंटची ती सुटलेली असते. तिसरी वाट, या आठवड्यातच सर्जनना भेटणं, निदान फोन करणं. तोपर्यंत लिव्हरचा आजार नसेल तर साधं पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी सहा-सहा तासांनी, दुखायला लागायची वाट न बघता घ्या. दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा वेळेवर घेतलेली जास्त कामाची. मात्र पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी घेऊ नका. ट्रामाडॉलच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल होतं, एसिक्लोफिनॅकच्या गोळीत आहे, सर्दी-तापाच्या गोळीतही असतं. अशी तीन पाकिटं तीन वेगळ्या कारणांसाठी घेतली की नकळत लिव्हरवर भार पडतो. धडधाकट माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा सांगतात. बारीक अंगाच्या, वयस्कर किंवा दारू घेणाऱ्या माणसानं तिच्या बरंच खाली राहावं.

सर्जनकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या आणि लपवलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. ओपीडीत वेळ कमी मिळतो, म्हणून कागदावर लिहून ठेवा: गोळ्या एकदम बंद केल्यावर काय झालं, आता काय घेते, किती चालते, किती झोपते, दुखणं कमरेत आहे की पायात. मग विचारा: यापुढे कुठली गोळी, कशासाठी, किती दिवस आणि कमी कशी करायची? हा शेवटचा प्रश्न विचारायचं बहुतेक जण विसरतात आणि घरी येऊन तुमच्यासारखं एकदम थांबवतात. प्रीगाबालिन पुन्हा दिली तर ती थांबवताना निदान आठवडाभर हळूहळू उतरवायची असते. ती घेताना पाय सुजले, फार गरगरलं, वजन वाढलं तर सांगा. तीन महिन्यांनंतरही दुखणं आटोक्यात नसेल तर पेन क्लिनिकची, म्हणजे दुखण्यावरच उपचार करणाऱ्या दवाखान्याची, चिठ्ठी मागायला संकोचू नका. मोठ्या शहरांत बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच ती चालवतात आणि गोळ्या कमी करणं हाही त्यांच्या कामाचा भाग असतो.

आता मिश्री. तुम्ही ती अशी लिहिलीय की जणू टूथपेस्टच. ताई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं हाड धरायला उशीर होतो. मणका न जुळण्याच्या कारणांत तंबाखू फार वरच्या क्रमांकावर आहे. सर्जननी "सिगारेट, तंबाखू घेता का" असं विचारलं असेल आणि तुम्ही नाही म्हणाला असाल, कारण गावाकडे मिश्रीला कुणी तंबाखूत धरत नाही. तुमच्या पत्रात सोडायची एकच सवय असेल तर ती ही. स्क्रू हलल्याच्या भीतीनं रात्री जागण्यापेक्षा हाड जुळायला तुमच्या हातून होण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे. एकटीनं जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, फोन मोफत. निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यातही निकोटिनच असतं.

दुखणं कमी करायला गोळीइतकंच उठण्या-बसण्याचं वळण महत्त्वाचं. बिछान्यावरून उठताना आधी दोन्ही गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकाच वेळी कुशीवर वळवा, ओंडका फिरवावा तशी पाठ एकसंध राहिली पाहिजे. मग पाय खाली सोडता सोडता कोपर आणि हाताच्या तळव्यानं अंग वर रेटा. सरळ पाठीवरून झटक्यात उठून बसलात की ती जीवघेणी चमक येते, आणि मग वाटतं स्क्रू हलला. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. जमिनीवर मांडी घालून बसणं, खाली वाकून केर काढणं, भरलेली बादली किंवा मोठा कुकर उचलणं, पिळा देऊन मागचं काही घेणं, हे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. पूजा खुर्चीवर बसून करा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. मेडिकलच्या सामानाच्या दुकानात भाड्यानंही मिळते. ट्रामाडॉलनं बद्धकोष्ठ होतं आणि कुंथताना कंबरेत कळ येते. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरांकडून लॅक्टुलोज. कंबर चोळून देणाऱ्या, हाडं बसवून देणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका, कितीही नावाजलेला असो. टाक्यांच्या जागेवर सर्जनना विचारल्याशिवाय तेलही नको.

काही लक्षणं मात्र पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायची नसतात. लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी तुंबणं, बसायच्या जागेला बधिरता येणं, पायातली ताकद नव्यानं कमी होणं, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर जाणं, जखमेतून पू किंवा पाणी येणं, उभं राहिलं की डोकं फार दुखणं आणि आडवं पडलं की थांबणं, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणं: यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन करा. पायात मुंग्या येणं किंवा मधूनच विजेसारखी चमक जाणं याची नोंद ठेवा. मोकळी झालेली नस सावरताना असं महिनोन्‌महिने होऊ शकतं, आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी थोडा राहतोही.

गोळ्या लपवून घेणं थांबवा, ताई. ती चोरी आहे म्हणून नाही. उद्या तुम्हाला चक्कर आली तर तुम्ही काय घेतलंय हे घरात एकाला तरी माहीत असायला हवं म्हणून. मालकांना किंवा मुलांना, ज्यांच्याशी मोकळेपणानं बोलता येतं त्यांना, सर्जनच्या भेटीला सोबत न्या. गोळ्या का दिल्यात हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की सासूबाईंना समजावण्याची जबाबदारी तुमच्या एकटीवर राहणार नाही.

आणि त्याच भेटीत शाळेचंही विचारून घ्या. वैद्यकीय रजा वाढवायची असेल तर प्रमाणपत्र तिथेच मिळेल. रुजू झाल्यावर सलग किती वेळ बसायचं, फळ्यावर लिहायला किती वेळ उभं राहायचं हे लिहून घेतलंत तर मुख्याध्यापकांशी बोलणं सोपं जाईल. स्कूटीवर जात असाल तर प्रीगाबालिन किंवा ट्रामाडॉलची गुंगी असेपर्यंत ती चालवू नका, आणि मागे बसून खड्ड्यांतून जाणंही सर्जनना विचारूनच.